भीमाशंकर: चढाई एका दिवशी, शेकरू दुसऱ्या दिवशी

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा गट, त्यात एक बारा वर्षांची मुलगी. कर्जतहून खांडसमार्गे चढून भीमाशंकर अभयारण्यात जायचं, शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) आणि जमतील तेवढे पक्षी पाहायचे. हाताशी शनिवार-रविवार. शिडी घाटाने जावं की गणेश घाटाने, कोणता महिना बरा, आणि शेकरू नक्की दिसेल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. 'नक्की' असं कुठल्याच जंगलात म्हणता येत नाही. पण भीमाशंकरहून शेकरू न पाहता परतणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते: ज्या दिवशी चढायचं त्याच दिवशी प्राणीही पाहायचा हट्ट. पहाटे खांडस सोडलं तरी माथ्यावर पोचेपर्यंत दुपार होते. शेकरूची वेळ सकाळची आणि मग उन्हं कलल्यावरची. भर दुपारी तो उंच फांदीवर पोट टेकून पसरलेला असतो आणि हलत नसल्यामुळे खालून दिसत नाही. दमलेली मंडळी देवळाभोवती तासभर मान वर करून फिरतात, गर्दी आणि माकडं पाहतात आणि तीन वाजता उतरायला लागतात. चढाईला चाल लागते, प्राणी पाहायला बैठक लागते. म्हणून तुमचे दोन दिवस असे वाटून घ्या: शनिवारी फक्त चढा, रात्री वर मुक्काम करा, रविवारची सकाळ पूर्णपणे जंगलाला द्या आणि परतताना घाट न उतरता एसटीने मंचरमार्गे पुण्याला या.

आता वाट. मुलगी बरोबर असताना, आणि चौघांपैकी कुणी कातळावर पहिल्यांदाच हात टाकणार असेल तर, गणेश घाट. यावर फार विचार करू नका. शिडी घाट अंतराने कमी आहे, माहितगार माणूस तीन-चार तासांत माथ्यावर जातो. पण तिथे लोखंडी शिड्या आहेत आणि खरी अडचण शिडीवर नाही, शिडी संपते तिथे आहे. वरच्या टोकाला पाठीवरची पिशवी मागे ओढत असते, हात टाकायला कातळाची खाच शोधावी लागते आणि बाजूला दरी उघडी असते. कोरड्या दिवसात हे जमून जातं. शेवाळ धरलं की त्याच जागी पाय सुटतात. पावसाळ्यात शिडी घाट नको म्हणजे नकोच, आणि उतरताना तर कोणत्याच ऋतूत नको, कारण उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही. जोराच्या पावसात प्रशासन अशा वाटांवर बंदीचे आदेश काढतं. निघण्याआधी खांडस गावात किंवा वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

कर्जत स्टेशनवरून कशेळेमार्गे खांडस तीसेक किलोमीटर आहे. कशेळ्यापर्यंत टमटम मिळते, पुढे सकाळी लवकर वाहन मिळेलच असं नाही. चौघे आहात तर सरळ कर्जतहूनच गाडी ठरवा आणि साडेसहाच्या आत चालायला लागा. खांडसच्या पुढे पुलापाशी वाटा फुटतात. डावीकडची शिडी घाटाची, आणि सरळ जाणारा रस्ता गणेश घाटाकडे वळतो. त्या वाटेवर गणपतीचं छोटं देऊळ लागतं, तिथून चढ सुरू. डोक्यावर पदरगडाचे सुळके दिसत राहतात. दिशेसाठी ही खूण चांगली, पण पदरगडाकडे फुटणाऱ्या पायवाटांवर जाऊ नका. तो वेगळा आणि अवघड चढ आहे.

खांडसपासून देवळापर्यंत एकूण चढ सुमारे ८०० मीटर, आणि तो दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा कोकणातल्या उघड्या उतारावरून पदरवाडीच्या पठारापर्यंत. पठारावर दोन्ही घाटांच्या वाटा एकत्र येतात. दुसरा टप्पा पठारावरून माथ्यापर्यंत, दाट झाडीतून, दीड-दोन तासांचा आणि पहिल्यापेक्षा उभा. लोक फसतात ते इथे. पठारावर आल्यावर 'झालं, पोचलो' असं वाटतं, पाणी संपवलं जातं, तासभर लोळणं होतं आणि उरलेला चढ भर बारा वाजता पायांत गोळे घेऊन चढावा लागतो. पठारावर वीस मिनिटं थांबा, गूळ-शेंगदाणे खा, मीठ-साखरेचं पाणी प्या आणि उठा. गणेश घाटाने मुलीसह पाच ते सहा तास धरा. माणशी तीन लिटर पाणी खालूनच घ्या. फेब्रुवारीनंतर वाटेवरचे झरे आटतात, आणि पठारावरच्या वाडीतलं पाणी तिथल्या बायका डोक्यावरून आणतात. ते मागून बाटल्या भरणं बरं दिसत नाही.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: चढतानाच जंगल बदलत जातं, आणि पक्षीही. खाली ऐन, पळस, साग असं पानझडी रान, तिथे तांबट, कोतवाल, हळद्या. पठाराच्या वर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा सुरू होतात, उन्हाचे कवडसे कमी होतात, हवा एकदम गार लागते. हे निमसदाहरित जंगल, म्हणजे बरीचशी झाडं वर्षभर हिरवी राहणारं. इथून पुढे कान उघडे ठेवा. ओढ्याच्या काठावरून कुणी माणूस वेळ घालवायला शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. सूर धरल्यासारखा करतो आणि मध्येच सोडून देतो. निळसर काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा पट्टा, बसतो ओल्या दगडावर सावलीत. पावसाच्या तोंडावर त्याचं गाणं सर्वात जास्त ऐकू येतं.

महिन्याचं म्हणाल तर तुमचं उत्तर तुम्हाला काय हवंय यावर आहे. निव्वळ चालण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेकरूसाठी मात्र मार्च ते मे उजवा, कारण त्या काळात उंबर, आंबा आणि मेअखेरीस जांभूळ पिकतं आणि प्राणी फळांच्या झाडावर येऊन थांबतात. त्याची किंमत म्हणजे कोकणाच्या बाजूचं ऊन. अशा वेळी घाट न चढता गाडीनेच वर गेलात तरी काही बिघडत नाही. मेअखेर ते पहिले जोराचे पाऊस हा काजव्यांचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये इथे ढग जमिनीवर उतरलेले असतात. साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणारा हा माथा, दहा पावलांपुढचं दिसत नाही, मग शेकरू कुठला दिसणार? त्या दिवसांत सडक्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा हिरवट उजेड रात्री दिसतो, तो पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण रात्री जंगलात जायचं तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या दोन्ही हवेत. आणि अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत सरळ रद्द करा. याच भागात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली.

श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्यामुळे त्या दिवशी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि जंगलाच्या कडेला सकाळपासून हॉर्न वाजत असतात.

आता रविवारची सकाळ. मुक्काम देवळाजवळ करण्यापेक्षा निगडाळे किंवा कोंढवळ अशा जवळच्या गावात घरगुती सोय आधी फोनवर ठरवून केली तर दोन फायदे होतात. जेवण चांगलं मिळतं, आणि शेकरू सध्या कोणत्या झाडावर येतोय हे त्या घरातल्या माणसाला माहीत असतं. इथली बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची. बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) गोळा करून विकणं हे अनेक घरांचं उत्पन्न, त्यामुळे कुठल्या उताराला कोणतं झाड फळाला आलंय याची त्यांच्याइतकी पक्की माहिती कुणाकडेच नसते. वाटाड्या घ्या, पैसे आधी बोलून घ्या आणि त्याला सांगा: 'पॉइंट दाखवू नका, फळाला आलेलं झाड दाखवा.' या एका वाक्याने सकाळ बदलते.

पहाटे साडेपाचला निघा, उजाडताना झाडापाशी असा. गुप्त भीमाशंकरकडे जाणारी वाट देवळापासून दीड-दोन किलोमीटरची, झाडी दाट आणि चढ-उतार कमी, म्हणून मुलीला सोयीची. आठ वाजले की तिथे भाविक येऊ लागतात, तोवरचे दोन तास तुमचे. झाडाच्या बुंध्यापाशी उभं राहू नका. वीस-पंचवीस मीटर मागे, दुसऱ्या झाडाला पाठ लावून बसा आणि चाळीस मिनिटं उठू नका. पहिली पंधरा मिनिटं काहीच होत नाही, लोक तेवढ्यातच उठतात.

शोधायचं कसं? डोळ्यांआधी कानाने. शेकरूचा आवाज खडखडाटासारखा, एका दमात येणारा, त्याच्या आकाराच्या मानाने बराच मोठा. दुसरी खूण जमिनीवर: ताज्या पानांसकट कुरतडून पाडलेल्या डहाळ्या, अर्धवट खाल्लेली फळं, सालीचे तुकडे. कुरतडलेली बाजू ओली असेल तर तो आत्ता वरच आहे. तिसरी खूण शेंड्याची हालचाल. वाऱ्याने सगळं झाड हलतं. शेकरूने एकच फांदी दबते, सुटते आणि लगेच शेजारच्या झाडाची फांदी दबते. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची उडी सहज मारतो. म्हणूनच जिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले नाहीत तिथे त्याला शोधण्यात अर्थ नाही.

घरटं दिसलं म्हणून खाली ठाण मांडू नका. पानं आणि काटक्यांचा तो मोठा गोळा शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात असतो, कारण तिथवर जड शिकारी चढू शकत नाही. पण एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. पानं वाळून तपकिरी झालेली आणि गोळा एका बाजूने ढासळलेला असेल तर ते सोडून दिलेलं. वर हिरवी पानं खोचलेली दिसली तर वापरातलं. कावळ्याचं घरटं नुसत्या काटक्यांचं आणि वाटीसारखं असतं, त्यात गल्लत होऊ देऊ नका.

आणि तो खाताना दिसला की दुर्बीण खाली घेऊ नका. मागच्या पायांनी फांदी पकडून तो चक्क डोकं खाली करून लोंबतो. दोन्ही पुढच्या पंजांत उंबर धरून फिरवत फिरवत कुरतडतो, आणि झुबकेदार शेपूट फांदीच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली असते. सगळा तोल तिच्यावर. पाठ गडद तांबूस, पोट मलईच्या रंगाचं, शेपटीचं टोक फिकट. दगा वाटला की फांदीला चिकटून सपाट होतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तेव्हा जागा सोडू नका, नजर त्याच फांदीवर ठेवा. शेपटीचं टोक बहुधा बाहेर राहतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. शेकरू फक्त भीमाशंकरलाच सापडतो असं पाट्यांपासून पाठ्यपुस्तकी निबंधांपर्यंत लिहिलेलं असतं. तसं नाही. महाबळेश्वर, कोयना, फणसाड इथेही तो आहे. १९८५ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याला त्याने ओळख दिली आणि तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, एवढं मात्र खरं.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. दाट झाडीत उजेड कमी असतो, ४२ मिलिमीटरच्या भिंगातून तो पुरेसा येतो, आणि १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण मान वर करून धरली की हातांबरोबर चित्रही हलतं. फोटोसाठी ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/५०० च्या खाली नको, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. पार्श्वभूमीला आकाश असतं म्हणून प्राणी काळा येतो, तेव्हा एक्स्पोजर एक पायरी वाढवा. फ्लॅश नको. मोबाइलवर शेकरूचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर अजिबात नको. तो आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजतो आणि खाणं सोडून पळापळ करतो.

बाकी प्राण्यांबद्दल अपेक्षा माफक ठेवा. सांबर, भेकर, रानडुक्कर, पिसोरी (मूषक हरीण), बिबट्या सगळे आहेत, पण ही काही जिप्सीत बसून पाहायची जागा नाही. त्यांच्या खुणा वाचता आल्या तरी सकाळ सार्थकी लागते. ओल्या मातीत दोन फाकांचा खूर, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी तर भेकर, त्याच्या जवळपास दुप्पट तर सांबर. पंजाच्या ठशात नखांच्या टोकांच्या खुणा असतील तर कुत्रा. बिबट्या नखं आत घेऊन चालतो. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, आणि एकाच जागेवरून बराच वेळ भुंकत असेल तर त्याला काहीतरी दिसलंय. त्या दिशेने जायचं नाही, उभं राहून ऐकायचं. देवळाजवळची लाल तोंडाची माकडं हा वेगळा विषय आहे. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती हिसकतात. खाऊ सॅकच्या आत, सॅकची चेन बंद, हातात काही नाही. त्यांना खायला घालू नका. माणसाच्या हातातून अन्न मिळतं हे एकदा कळलं की ती चावायलाही कमी करत नाहीत.

आता जिथे घात होतो त्या गोष्टी. सापांपैकी इथे नाग, मण्यार, घोणस, फुरसं आणि झुडपांवर बसणारा हिरवा चापडा ध्यानात ठेवायचे. फांदी धरण्याआधी ती पाहायची, हा नियम मुलीलाही शिकवा. दंश झाला तर घट्ट आवळपट्टी नाही, चिरा देणं नाही, चोखणं नाही. अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. वर असाल तर घोडेगाव किंवा मंचरचं रुग्णालय गाठा, खाली असाल तर कशेळे किंवा कर्जतचं. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. चापड्याचा दंश क्वचितच जिवावर बेततो, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, म्हणून साप कोणता होता हे लांबून काढलेल्या फोटोवरून कळलं तर डॉक्टरांना मदत होते. फोटोसाठी सापाच्या मागे मात्र जायचं नाही.

कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी, ड्रोन यांपैकी कशानेही ते उठतं. उठलं तर हात झटकू नका, चेहरा कपड्याने झाका आणि दाट झुडपातून लांब पळा. हिवाळ्यात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगांवर खाज आणणारी लव असते. अंगाला लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग धुवायचं. म्हणूनच पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पॅण्ट, रंग मातकट किंवा हिरवट.

नागफणी या कड्याच्या टोकाला जायचं असेल तर जंगल पाहून झाल्यावर, नऊनंतर जा. सकाळी तिथे धुकं असतं आणि कड्याचा काठ ओळखू येत नाही. हवा मोकळी असेल तर सिद्धगड, पदरगड आणि खालचं कोकण एका नजरेत येतं. काठापासून दोन माणसांच्या उंचीइतकं मागे थांबा. वाऱ्याचे झोत एकसारखे नसतात, मध्येच ढकलतात. धुक्यात वाट चुकलीच तर उतरायला लागू नका. माथ्यावरून खाली जाणारी प्रत्येक ढोरवाट घाटाला लागते असं नाही, काही सरळ कड्यावर संपतात. जागेवर थांबा, शिट्टी तीन-तीनदा वाजवा. मोबाइलला रेंज अधूनमधूनच असते, त्यामुळे नकाशा आदल्या दिवशी उतरवून घ्या.

अभयारण्यात प्रवेशाची पावती नाक्यावर फाडा आणि जपून ठेवा. तंबू ठोकणं, आग पेटवणं, मोठ्याने गाणी लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं, समजूत घालून सोडतीलच असं धरू नका. हिरड्याची किंवा कारवीची फांदी आठवण म्हणून तोडणंही त्यातच आलं.

शनिवारी वर पोचल्या पोचल्या एक काम करा: एसटीच्या स्टॅण्डवर जाऊन रविवारी दुपारच्या गाड्यांच्या वेळा कंडक्टरला विचारून घ्या. रविवारी दुपारनंतर मंचरकडे जाणाऱ्या गाडीला दाराशी लोंबकळत लोक असतात. एकची गाडी सुटली आणि पुढची चारची निघाली तर मुलीला घेऊन तीन तास उन्हात उभं राहावं लागेल. म्हणून गाडी सुटायच्या अर्धा तास आधी सॅक घेऊन तिथे हजर राहा.